बैलगाडीवरचं बोटीचं इंजिन

उकंडरावांना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हिवरखेडीची सरकारी बोट तेच चालवतात.

हिवरखेडीहून पिंपळगाव राजाला जायचं तर मधे लेंडी नाला लागतो. वर्षाचा बहुतेक काळ तो इतका कोरडा असतो की पोरं त्यात क्रिकेट खेळतात आणि चेंडू हरवला तर सापडेपर्यंत शोधतात. पावसाळ्यात मात्र तोच नाला अंगात आल्यासारखा फुगतो, आणि मग गाव अलीकडे आणि दवाखाना, बाजार, एसटी सगळं पलीकडे. म्हणून गावाला बोट मिळाली आणि बोटीसोबत इंजिन मिळालं. चालवणार कोण, असा प्रश्न ग्रामसभेत निघाला तेव्हा सगळ्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते बापाच्या काळापासून चालवत आले होते. पोहता येतं का, हे कुणी विचारलंच नाही, आणि आपणहून सांगतील इतके उकंडराव भोळे नव्हते.

तसा माणूस वांगी-मिरचीतला. काटकुळा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि समजावून सांगायची भारी हौस. एखादी गोष्ट कळली की ती चार जणांना सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. कळलेली नसली तरी सांगतात, ही त्यातली अडचण.

याच हौसेपायी मागच्या वर्षी घोटाळा झाला. पावसाळ्याच्या तोंडावर इंजिन चालू करून बघायला हवं, एवढं त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी ते मारुतीच्या पारावर उभं केलं, नारळ फोडला, गुलाल लावला आणि दोरी ओढून सुरू केलं. कोरडंच. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. इंजिन भरपूर गर्जलं, गावानं भरपूर ऐकलं, आणि आतली पाणी ओढणारी रबराची चक्री तेवढ्यात जळून गेली. हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. कळलं ते भाद्रपदात. जावई शिवम नांदुऱ्याहून सासुरवाडीला आला होता, नाला भरलेला होता, आणि उकंडराव मोठ्या दिमाखात त्याला आणायला पलीकडे गेले होते. येताना नाल्याच्या मध्यावर इंजिन तापून बसलं. बोट धारेबरोबर निघाली ती खालच्या शिवारातल्या एका बाभळीला जाऊन अडकली. सासरे बोटीत बसून राहिले. जावई घाबरून झाडावर चढला. लोक दोर घेऊन येईपर्यंत तो त्या बाभळीवरच होता, आणि उतरल्यावर काटे काढायला त्याची बायको सुचिता चिमटा घेऊन बसली.

शिवमनं या गोष्टीचा राग धरला नाही. पोरगं गुणाचं. पण त्याच्या बापानं, कारभारींनी, धरला. कारभारी नांदुऱ्याच्या बाजारात धान्याची अडत चालवतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, तळातले चार दाणे चावल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलेलं नाही. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी तुरीचं पोतंही पाहिलं होतं.

आता सुचिताला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. ऐन पावसाळ्यात ती बाळंत होणार होती. उकंडरावांनी मुलीला आणायला कधी येऊ, म्हणून फोन केला, तेव्हा पलीकडून व्याही कारभारी सावकाश बोलले.

"इवाई, तुमची लेक हाय, मी नाई म्हणत नाई. पण माह्या पोराले तुमी बाभळीवर बसवलं. सुनेले मी बसवू देणार नाई. आधी तुमचं इंजन पाहीन, मंग पाठवीन."

बोलणं रास्त होतं, हीच पंचाईत. नांदुऱ्यात दवाखाना हाकेच्या अंतरावर, रस्ता डांबरी, रेल्वे दारात. हिवरखेडीत काय होतं? आई होती. संध्याकाळी सुचिताचाच फोन आला. "बाबा, इथं सगळे चांगले हायेत. पण मले आईजवळ याचं हाय," एवढंच म्हणाली आणि मग दोघंही उगाच पावसापाण्याचं बोलत राहिले. फोन ठेवला तेव्हा सुचिताची आई, रुक्मिणीबाई, शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी बाळंतिणीसाठी म्हणून आणून ठेवलेला डिंक आणि खोबरं वरच्या फळीवर सरकवून ठेवलं. ते सरकवणं उकंडरावांना फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी ते इंजिन छोट्या टेम्पोत घालून बुलढाण्याला नागसेनकडे घेऊन गेले. नागसेन बचाव पथकातला, त्यानंच त्यांना पूर्वी एका धरणावर बोट चालवायला शिकवलं होतं. त्यानं इंजिन उघडलं, जळकी चक्री बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि नवी बसवली.

"काका, हे विहिरीवरचं इंजन नव्हं. हे पायानं पाणी पेते," तो इंजिनाच्या खालच्या लांब दांड्यावर बोट ठेवत म्हणाला. "पाय पाण्यात बुडल्याशिवाय एक क्षण चालवाचं नाई. जमिनीवर पाहाचं असन तं भरलेल्या टिपाडात पाय सोडा. पंखा आधी काढून ठेवा. गिअरले हात नाई. रेस द्याची नाई. उघड्यावर चालवा, घरात-गोठ्यात धूर कोंडते. लाल दोरी मनगटात अडकवा, ओढली की बंद. आणि मागून ही बारीक धार येते नं, तिच्यावर नजर ठेवा. धार हाय तोवर इंजन जिवंत. धार थांबली की दोरी ओढाची, इचार नाई कराचा."

उकंडरावांनी हे सगळं तोंडपाठ केलं. गावात परतल्यावर पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, हजामत करताना न्हाव्याला सांगितलं. शेजारच्या कडूबाला तर इतक्यांदा सांगितलं की तो समोरून येताना दिसला की लोक म्हणायचे, धार आहे का. सगळ्या हिवरखेडीला बोटीचं इंजिन कसं तपासतात ते ठाऊक झालं. कारभारींना निरोप गेला, आणि कारभारी विहीणबाईंना, पुष्पाबाईंना घेऊन, इंजिन बघायला येण्याचा दिवस ठरला.

मुलगी दाखवायला काढावी तशी तयारी झाली. शाळेच्या भिंतीशी बोट उपडी पडलेली असते, तिच्या पाठीवर उन्हाळाभर बायका कुरडया वाळवतात आणि पोटाखाली कुणाची तरी कोंबडी अंडी घालते. त्या दिवशी कुरडया उचलल्या, कोंबडी हाकलली, बोट धुवायला पाणी नव्हतं म्हणून झाडूनच घेतली. इंजिन अडकवायला भक्कम फळी हवी होती. उकंडरावांनी बैलगाडी अंगणात आणली, बैल सोडून दूर बांधले, चाकांना दगड लावले आणि गाडीच्या मागच्या जाड फळीवर इंजिन पकडीनं आवळून बसवलं. पंखा काढून देवघरात ठेवला. तिथं रुक्मिणीबाईंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, कारण देवघरात आलेल्या वस्तूला काही न वाहणं त्यांना बरं वाटेना.

राहिलं पाणी. वैशाखाचे दिवस, नळ सुटून आठवडा उलटलेला, टँकर येणार येणार म्हणत अडकलेला. घरात पाणी म्हणजे एकच, न्हाणीजवळचं निळं प्लॅस्टिकचं टिपाड, खाली तोटी लावलेलं, पाहुण्यांसाठी म्हणून रुक्मिणीबाईंनी झाकून राखलेलं. सकाळी त्या शेजारी बनाबाईकडे पुरण वाटायला गेल्या असताना उकंडरावांनी चार गडी लावून ते टिपाड आहे तसं उचललं, गाडीमागे नेऊन ठेवलं आणि इंजिनाचा पाय त्यात सोडला.

पाहुणे आले. पाय धुवायला पाणी दिलं, टोपी-उपरणं झालं, बायका पुष्पाबाईंना घेऊन ओसरीवर बसल्या आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. कारभारी मात्र बसलेच नाहीत. ते थेट गाडीपाशी गेले आणि हात पाठीशी बांधून तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"बोट कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"शाळेजवळ हाय. आज फक्त इंजन."

"आणि याचा पंखा?"

"देवघरात."

कारभारींनी देवघराच्या दिशेनं पाहिलं आणि मान हलवली. नवऱ्या मुलाला पाय आहेत का विचारावं आणि ते गावी ठेवलेत असं उत्तर यावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पाहुणे उन्हात काऊन उभे हायेत?" कडूबा म्हणाला. "गाडी गोठ्यात घ्या नं, सावली हाय."

"गोठ्यात धूर कोंडते," उकंडराव म्हणाले. "आणि कडूबा, तू मागून बाजूले हो. इंजनामागं कोणी उभं राह्याचं नाई."

"पंखा नाई तं मागं भ्याचं कायले?"

"सवय राह्यली पायजे."

त्यांनी लाल दोरी मनगटात अडकवली, गिअर मोकळा असल्याचं दोनदा पाहिलं आणि सुरू करायची दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली, निळा धूर निघाला. मग ते लागलं, आणि एका संथ लयीत फडफडायला लागलं. बैलांनी माना वर केल्या. इंजिनाच्या मागच्या भोकातून करंगळीहून बारीक पाण्याची धार निघाली आणि टिपाडात पडू लागली. उकंडरावांच्या जिवात जीव आला. इतक्या दिवसांत त्यांना एवढं सुंदर काही दिसलं नव्हतं.

कारभारी वाकून धारेकडे पाहत होते. "एवढीच?"

"एवढीच असते."

"इवाई, माह्या मळ्यातली मोटर तीन इंची धार फेकते. याच्यावर एक वाफा भिजन का?"

"हे भिजवाचं इंजन नव्हं. हे आपल्यापुरतं पाणी पेते, अंग थंडं ठेवते, आणि उरलं थे सोडून देते."

"म्हणजे सारं पाणी सोतासाठीच," कारभारी म्हणाले. अडतदाराला हे वागणं ओळखीचं वाटलं असावं, कारण त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "रेस देऊन दाखवा बरं."

"नाई द्याची. जमिनीवर नाई."

"अहो, द्या नं जराशी," कडूबा म्हणाला. "आवाज नाई, पंखा नाई, धार अशी. पाहुण्यायनं पाहाचं काय?"

सगळं गाव उकंडरावांकडे बघत होतं. हात पुढे केला तर रेस हाताशीच होती. एकदा करकचून गर्जवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, आणि कदाचित लेकही घरी आली असती. पण त्यांना तळहातावरची ती जळकी चक्री आठवली. टाळ्या मागच्या वर्षीही पडल्या होत्या. त्यांनी हात मागे घेतला.

कारभारी तरी उभेच राहिले. पोतं पसंत पडत आलं की ते गप्प होतात, हे उकंडरावांना माहीत होतं. इंजिन चालत होतं, धार पडत होती. आतून दुसरा चहा आला. कारभारींनी एक घोट घेतला, बशीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक हाय. मले वाटते आता सुचिताले..." आणि थांबले. त्यांनी जीभ टाळूवर फिरवली. "इवाई, चहाले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

चहा पाण्याचा. पाणी घरात एकाच ठिकाणी. उकंडरावांनी गर्रकन टिपाडाकडे पाहिलं. खाली तोटीपाशी बनाबाई हंडा लावून बसली होती आणि तिच्यामागे आणखी एकजण उभी होती. वर धार गुळगुळली, तुटक झाली आणि थांबली.

कारभारींचं वाक्य अजून तोंडातच होतं. सुचिताले पाठवतो, एवढंच त्यात बोलायचं राहिलं होतं. ते पुरं होऊ द्यायला काय लागतं? पण उकंडरावांनी विचार केला नाही. दोरी ओढली.

अंगणात एकदम शांतता पसरली. "बंद पडलं," कारभारी म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

"पडलं नाई, म्या पाडलं. पाणी सरलं."

"मागच्या साली बी असंच सांगतलं होतं माह्या पोराले."

उकंडराव वळून बायकोकडे पाहायला लागले. रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या, पदराला पुरणाचे हात. इतक्या पाहुण्यांच्या स्वयंपाकाला, चहाला, पाय धुवायला पाणी आणायचं कुठून? टिपाड न्हाणीजवळून गाडीमागे का गेलं हे त्यांना समजलं नव्हतं. गाडीच्या सावलीला नेलं असेल असं वाटलं होतं. त्यांनीच सांगितलं म्हणून मदतीला आलेल्या बायका तोटीवरून हंड्यामागून हंडे नेत राहिल्या. पाहुणचार व्हावा म्हणून.

"तोटीले हात लावाचा नाई, हे कोणाले माहीत नव्हतं का?" उकंडराव म्हणाले.

"साऱ्या गावाले सांगतलं तुमी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "न्हाव्याले सांगतलं. माह्याच कानाले काऊन सुट्टी देली?"

हे खरं होतं. उकंडरावांनी मान खाली घातली. लेक येणार की नाही ते आता त्या टिपाडात दिसत होतं, आणि टिपाड निम्मं रिकामं होतं. नेलेलं पाणी डाळीत गेलं होतं, चहात गेलं होतं, पाहुण्यांच्या पायांवरून अंगणात जिरलं होतं. पुष्पाबाई ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होत्या.

बनाबाई तोटीपाशी होती तशी उठली. भरलेला हंडा तिनं टिपाडात ओतला आणि घरी गेली. परत आली ती दोन्ही काखेत पाण्यानं भरलेले दोन पितळी गुंड घेऊन, नळाच्या दिवसापासून झाकून ठेवलेले. "सुचिता माह्या ओट्यावर खेळली," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली आणि गुंड रिते केले. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी, डोक्यावर घागर घेऊन. कडूबानंही घरून बादली आणली आणि पहिल्यांदाच काही न बोलता ओतली. वैशाखात हिवरखेडीच्या बायका पाणी कुणाला देत नाहीत, उसनंही देत नाहीत. त्या ओतत होत्या, आणि या पाण्याला नंतर पेट्रोलचा वास येणार, रस्त्यावर शिंपडण्यापलीकडे ते कुठल्याच कामाचं उरणार नाही, हे त्यांना त्या चहावरून आताच कळून चुकलं होतं. उकंडरावांना टोपी डोळ्यांवर ओढून घ्यावी लागली.

पाणी चढत चढत आलं आणि इंजिनाच्या पायावरच्या खुणेच्या जरा खाली थांबलं. आणखी कुणाकडे नव्हतं. तेव्हा पुष्पाबाई उठल्या. त्यांच्यापुढे ठेवलेला तांब्या तसाच भरलेला होता. तो त्यांनी उचलला, उन्हातून चालत आल्या आणि टिपाडात ओतला.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

इंजिन पहिल्याच ओढीला लागलं. धार आली. कारभारींनी पुढे होऊन तिच्याखाली हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला. "कोमट हाय," ते म्हणाले.

"जिवंत हाय," उकंडराव म्हणाले.

"अजून थोडं चालू द्या," कारभारी म्हणाले. "म्हणजे पक्कं समजन."

"काही गरज नाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमी सुनेचं बोलून राह्यले होते, तरी यायनं तुमची भीड नाई ठेवली. इंजनाले तहान लागली, त्याले आधी थांबवलं. या घरी माही सून सुखात राहीन." मग त्या रुक्मिणीबाईंकडे वळल्या. "ती डाळ मात्र फेकून द्या."

सुचिता मृग लागायच्या आत आली. डिंक आणि खोबरं फळीवरून खाली उतरलं.

श्रावणात नाला भरला तो नेमका ज्या सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं त्याच सकाळी. बोट सुलटी झाली, पंखा देवघरातून निघाला, तिघांनी फुगीर जाकिटं चढवली. रुक्मिणीबाई पुढे बसल्या, कारण या खेपेला उकंडरावांनी पहिल्यांदा त्यांनाच सगळं सांगितलं होतं, आणि आता त्याच सांगत होत्या. "डावीकडं घ्या. लाकूड येऊन राह्यलं. हळू." मधोमध आल्यावर सुचितानं आईचा हात घट्ट धरला आणि मागे वळून पाहिलं. खाली गढूळ पाणी, ज्यात बापाला दोन हात मारता आले नसते. बाप पाण्याकडे बघतच नव्हता.

"बाबा, समोर पाहा नं."

"समोर तुही माय पाह्यते. मी धार पाहून राह्यलो."

पलीकडच्या काठावर, फोन मिळताच निघालेले कारभारी मोटारगाडी घेऊन उभे होते. बोट टेकायच्या आधीच ते धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. उकंडरावांनी गिअर मोकळा केल्यावर इंजिनाच्या बाजूनं आले, वाकले, आधी धारेखाली हात धरला. कोमट होती. मग तोच ओला हात त्यांनी सुनेपुढे केला.